दर वेळी तिथेच पडतोय की वेगवेगळ्या जागी?

‘अहो, विंडोज टाकायला घेतलं आणि मध्येच बंद पडलं,’ असा फोन आला की मी एकच विचारते. मध्येच म्हणजे कुठे? आणि परत केलंत तेव्हा तिथेच पडलं की दुसरीकडे? पलीकडे जरा शांतता, मग ‘आता एवढं कोण बघत बसलंय’ असं काहीतरी पुटपुटणं. पण घोडं कुठे पेंड खातंय ते त्या एका प्रश्नात निम्मं कळतं. म्हणून मी सांगते, फोन ठेवा, परत एकदा सुरू करा, पडेल तेव्हा स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा आणि किती टक्क्यांवर होतं ते कागदावर लिहा. मग बोलू.

मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक आहे. सुट्ट्या लागल्या की अख्ख्या लॅबला फॉरमॅट मारायचं काम माझ्याकडे येतं, आणि नातेवाइकांची मशीन्स तर बारा महिने चालूच असतात. इन्स्टॉलेशन कुठे कुठे लोळण घेऊ शकतं हे बऱ्यापैकी बघून झालंय. त्यावरून माझं मत असं झालंय की ऑपरेटिंग सिस्टमच्या दोषाने इन्स्टॉलेशन कोसळण्याचे प्रसंग थोडे. बहुतेक वेळा मशीन आधीपासूनच दुखणाईत असतं. रोजच्या वापरात ते खपून जातं, इन्स्टॉलेशनमध्ये खपत नाही, एवढंच. आमच्या मामाच्या कॉम्प्युटरचं काय झालं ते लिहून ठेवते, कारण त्यात बरीचशी वळणं एकाच घरात भेटली.

मामा-मामी गुहागर तालुक्यात राहतात. निवृत्त झाल्यापासून मामाने दोन कामं अंगावर घेतलीत. एक, देवळाच्या उत्सवाचा जमाखर्च. दुसरं, ओळखीपाळखीतल्या लग्नाळू मुलामुलींचे बायोडाटा टाइप करून जुळवाजुळव करणं. दुसऱ्यात त्याचा जीव जास्त. कॉम्प्युटर असेंबल केलेला: चौथ्या पिढीचा कोअर आय३, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर३ रॅमच्या (चालू कामाचा माल ठेवायची तात्पुरती जागा) चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या. त्यातली एक पहिल्यापासूनची. दुसरी, ‘फार स्लो झालाय’ म्हणून मागाहून कुणा दुकानदाराने घातलेली, पावती वगैरे काही नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) हवं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. मामाचा आय३ त्यात बसत नाही. आडवाटेने विंडोज ११ बसवता येतं, मी लॅबमध्ये करूनही बघितलंय, पण मी राहते रत्नागिरीत. उद्या एखादा अपडेट अडला तर खाडी ओलांडून रोज कोण जाणार? म्हणून लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम ठरवली. मामाला लागतं काय, तर टायपिंग, जीमेल आणि यूट्यूबवरची कीर्तनं.

जयगडहून तवसाळची फेरीबोट पकडून गेले. बरोबर २५६ जीबीची एसएसडी (नव्या धर्तीची वेगवान डिस्क), दोन-तीन पेनड्राइव्ह आणि स्क्रू ड्रायव्हर. गेल्या गेल्या कॅबिनेट उघडून जुन्या हार्ड डिस्कच्या दोन्ही केबली काढल्या आणि डिस्क कपाटात ठेवली. हे मी नेहमी करते. डेटाची डिस्क जोडलेलीच नसली की ती भलत्याच बटणाने पुसली जात नाही, आणि मशीन अर्ध्यात कोसळलं तरी तिच्यावर अर्धवट काही लिहिलं जात नाही. मामा मात्र कपाटाच्या दारात उभा. सगळे बायोडाटा त्या डिस्कवर होते.

मिंट पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवताच, सुरू झालं. डेस्कटॉप आला, वायफाय लागलं, आवाज आला. इन्स्टॉलचं आयकॉन दाबलं. भाषा, कीबोर्ड, डिस्क पुसायची परवानगी, सगळं रीतसर झालं आणि फाइली कॉपी व्हायला लागल्या. निम्म्याच्या आसपास स्क्रीनवरची टक्क्यांची पट्टी थांबली आणि खिडकी आली: एरर नंबर ५, इनपुट/आउटपुट एरर. खाली सल्ला की हे बहुतेक करून सीडी-डीव्हीडी किंवा तिचा ड्राइव्ह खराब असल्याने, नाहीतर हार्ड डिस्क खराब असल्याने होतं.

सल्ला खोटा नाही, पण तो देणाऱ्याला फार थोडं ठाऊक असतं. इन्स्टॉलरने फाइल मागितली, कर्नेल (सिस्टमचा गाभा) म्हणाला वाचता येत नाही. त्याची माहिती तिथे संपली. पेनड्राइव्ह मेला असेल. यूएसबी पोर्ट ढिला असेल. आयएसओ, म्हणजे अख्खी सिस्टम भरलेली ती एक मोठी फाइल, डाउनलोड होतानाच बिघडली असेल. किंवा फाइल धडधाकट आली आणि रॅममध्ये पाऊल ठेवल्यावर नासली असेल. इन्स्टॉलरच्या जागेवरून हे चारही सारखेच दिसतात. विंडोजमध्ये याचा भाऊ शोभेल असा एक कोड आहे, ०एक्स८००७०५७०. फाइल खराब आहे किंवा वाचता येत नाही, असं तो म्हणतो. तो बघून लोक पाच-सहा जीबीची आयएसओ मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पुन्हा पुन्हा उतरवत बसतात आणि पेनड्राइव्ह विकत घेत बसतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

परत सुरू केलं. आता पट्टी आधीच्या जागेच्या बरीच पुढे गेली आणि इन्स्टॉलरची खिडकीच नाहीशी झाली. एरर नाही, सल्ला नाही. पुढच्या खेपेला पट्टीपर्यंत पोचायच्या आधीच सगळं गोठलं आणि मामाच्या जुन्या, गोल पिनच्या कीबोर्डवरचे कॅप्स लॉक नि स्क्रोल लॉकचे दिवे एकदम लुकलुकायला लागले. लिनक्समध्ये हे दिवे असे मिचमिचले की समजायचं, कर्नेल पॅनिक झालं. यूएसबी कीबोर्डवर हा प्रकार दिसत नाही, म्हणून दुरुस्तीच्या कामाला मला ते जुने गोल पिनवालेच आवडतात.

‘काय गो,’ मामा म्हणाला, ‘बिघडवलास ना चालता कॉम्प्युटर?’

मला मात्र जरा बरं वाटलं होतं. एकाच जागी पडत असतं तर शोध वेगळ्या दिशेने न्यावा लागला असता. दर वेळी त्याच टक्क्यावर, त्याच एररने पडतंय म्हणजे त्या ठिकाणी ठरलेली एखादी गोष्ट घडते आहे: आयएसओमधली तीच एक खराब फाइल, तोच ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा प्रोग्राम), तीच डिस्कची सेटिंग. आमच्या लॅबमध्ये एनव्हिडियाची कार्डं असलेल्या काही मशीन्सवर मिंटचा लोगो यायचा आणि मग काळा पडदा. हमखास तिथेच. बूट मेनूतला कंपॅटिबिलिटी मोड निवडला, म्हणजे कर्नेलला नोमोडसेट हा पर्याय दिला, की गाडी सुरळीत. अकराव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपवर विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, तेव्हा बायॉसमधली (मशीनच्या मूळ सेटिंगमधली) व्हीएमडी नावाची डिस्कची सोय बंद करायची, नाहीतर इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यायचा. विंडोज एक्सपीच्या जमान्यात बायॉसमध्ये साटा, म्हणजे डिस्कची जोडणी, एएचसीआय मोडवर असलं की इन्स्टॉलेशन ७बी नंबरच्या निळ्या पडद्यावर आपटायचं, कारण एक्सपीच्या सीडीत तो ड्रायव्हरच नव्हता. आणि तो देण्यासाठी एफ६ दाबून फ्लॉपी लावायची! हल्लीच्या पोरांना फ्लॉपी म्हणजे सेव्हच्या बटणावरचं चित्र वाटतं. असो. तर हे सगळे हट्टी रोग. चिडचिड होते, पण एकदा कारण सापडलं की कायमचे जातात.

दर वेळी वेगळ्या जागी, वेगळ्या तऱ्हेने पडणं हा दुसराच रोग. सॉफ्टवेअर सहसा इतकं लहरी नसतं. तीच सुरुवात दिली की ते तेच करतं. लहरी असतात ती रॅम, उष्णता आणि वीज.

तरीही पेनड्राइव्हला आधी मोकळं करून टाकायला हवं, कारण ते काम फुकट होतं. माझ्याकडे दुसऱ्या पेनड्राइव्हवर मिंटची तीच आयएसओ फाइल नुसती कॉपी केलेली होती. लाइव्ह मिंटमध्ये टर्मिनल उघडून तिचा एसएचए २५६ काढला. फाइलमधल्या एकूण एक बाइटवरून काढलेली ही चौसष्ट अक्षरांची ओळ असते. अडीच-तीन जीबीच्या फाइलमध्ये एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी अख्खी ओळ बदलते. बरोबर ओळ मिंटच्या साइटवर दिलेली असते. मी वहीत तिची पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं उतरवून नेली होती.

जुळली नाही. आता एवढ्यावरून पेनड्राइव्हवरही बोट ठेवता येतं. म्हणून परत काढली, पण मध्ये लिनक्सची कॅशे रिकामी केली. हे महत्त्वाचं आहे, कारण एकदा वाचलेली फाइल रॅममध्ये जागा असेतो तिथेच राहते आणि दुसऱ्यांदा तिथूनच दिली जाते. मग पहिलंच चुकीचं उत्तर परत मिळतं आणि आपण फसतो. कॅशे रिकामी करून काढलेली ओळ पुन्हा चुकीची आली. पण आधीच्या चुकीच्या ओळीशीही ती जुळत नव्हती! तीच फाइल, तोच पेनड्राइव्ह, तोच पोर्ट, आणि दोन उत्तरं. तोच पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला तर पहिल्या फटक्यात वहीतली अक्षरं समोर आली. मी दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी ठेवून मामाला दाखवल्या. त्याला त्या ओळींतलं काही कळलं नसेल, पण जमाखर्च मांडणारा माणूस आहे. तीच बेरीज दोनदा केली आणि दोनदा वेगळी आली, हे त्याला लगेच कळलं.

‘पण मग विंडोज कसं चालत होतं?’ हा त्याचा प्रश्न रास्त होता. उत्तर मामीने दिलं, तेही स्वयंपाकघरातून. ‘चालत कुठे होतं? बायोडाटा सेव्ह करताना बंद पडायचं तेव्हा शिव्या कोण घालत होतं? आणि अहो, नातवाच्या बारशाचे फोटो, त्यातले निम्मे खालून करडे झालेत ते?’

विंडोजलाही तेच भोगावं लागत होतं, फक्त थोडं थोडं. आठ जीबीतल्या एखाददुसऱ्या पेशी (माहिती ठेवायचे बारीक कप्पे) खराब असल्या तर रोजच्या वापरात तिथे काय पडेल याचा नेम नसतो. यूट्यूबच्या चित्रातला एखादा ठिपका तिथे पडला तर कुणाच्या बापाला कळणार नाही. कधी ती जागा रिकामीच असते. वर्डचा एखादा तुकडा नेमका तिथे आला की वर्ड बंद पडतं आणि आपण वर्डला बोल लावतो. इन्स्टॉलेशनमध्ये अशी सवलत नसते. मिंटच्या आयएसओत सगळी सिस्टम एका मोठ्या दाबून भरलेल्या फाइलमध्ये असते. ती ठोकळ्या ठोकळ्याने रॅममध्ये आणून फुगवायची आणि एसएसडीवर उतरवायची. गीगाबाइटच्या गीगाबाइट माल त्या रॅममधून जातो, कॅशे भरत जाते, खराब पेशी चुकवून जायला वाव राहत नाही. आणि दाबलेल्या फाइलमध्ये एक बिट फिरला की एक अक्षर चुकतं असं होत नाही, तो अख्खा ठोकळाच उलगडत नाही. कर्नेलला वाटतं वाचता आलं नाही, इन्स्टॉलर म्हणतो डिस्क खराब आहे. विंडोजच्या इन्स्टॉलेशनचीही तीच तऱ्हा. त्याची सुरुवातीची छोटी सिस्टम तर अख्खी रॅममध्येच उघडते. तिथे शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडली की दिसणारा एक्स ड्राइव्ह म्हणजे रॅमच.

रॅमकडे वळायच्या आधी वीज आणि उष्णता बघून घेतली. विजेचं सांगायचं तर गुहागरच्या बाजूला लाईट किती वेळा डोळा मिचकावते ते तिकडच्यांना विचारा. मामाकडे घरगुती इन्व्हर्टर आहे. अशा इन्व्हर्टरच्या मागे बहुतेक वेळा एक छोटं बटण असतं, साधा मोड आणि यूपीएस मोड. साध्या मोडवर असेल तर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला तो अंमळ जास्त वेळ घेतो. पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं. कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) विजेविना काही मिलिसेकंदच तग धरतो. त्याचे कपॅसिटर म्हातारे झाले असतील तर तेवढाही नाही. मामाचं बटण साध्यावर होतं. ते यूपीएसवर केलं, मेन स्विच मुद्दाम खाली-वर करून बघितला, मशीन टिकलं. पण त्याने क्रॅश थांबले नाहीत. आणि विजेचा बिघाड तसाही वेगळा दिसतो: एरर नाही, पॅनिक नाही, सरळ अंधार.

उष्णतेची खूण आणखी वेगळी, आणि ती मला लॅबमधल्या एका मशीनने शिकवली. ते कधी १२ टक्क्यांवर पडायचं, कधी ४०, कधी पार्टिशन करतानाच. जागा रोज नवी, पण वेळ घड्याळ लावल्यासारखी सारखी. सकाळी थंड असताना जास्त चालायचं, पडल्यावर लगेच परत चालू केलं की पहिल्यापेक्षा लवकर पडायचं. शेवटी बायॉसमधलं तापमान दाखवणारं पान उघडून नुसती बघत बसले. काहीच काम चालू नसताना आकडा चढतच होता. उघडून बघितलं तर प्रोसेसरवरचा इंटेलचा पंखा. तो चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर मदरबोर्डला धरलेला असतो, त्यातली एक तुटलेली. पंखा जोरात फिरत होता, त्याखालचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) एका बाजूने उचललेला आणि खालची पेस्ट खडूसारखी वाळलेली. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की आधी वेग कमी करतो, आणि तरीही तापत राहिला की स्वतःला वाचवायला वीज तोडतो. त्यात निळा पडदा दाखवायलाही सवड नसते. मामाच्या मशीनमध्ये धूळ आणि एक पाल (जिवंत, पळाली) एवढंच निघालं. बायॉसमध्ये तापमान पन्नाशीच्या आत. तेव्हा उष्णताही बाद.

रात्री मेमटेस्ट८६+ लावून झोपले. हा छोटासा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवरून थेट सुरू होतो, त्याला कुठलीच ऑपरेटिंग सिस्टम लागत नाही, आणि २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून तो यूईएफआय (बायॉसची नवी पिढी) मशीनवरही चालतो. रॅमच्या प्रत्येक पत्त्यावर तो ठरावीक नक्षी लिहितो, परत वाचतो, जुळते का बघतो. नक्षी बदलतो, पुन्हा तेच. लोक काय करतात, तर पहिला पास, म्हणजे सगळ्या चाचण्यांची पहिली खेप, पूर्ण झाला, एरर शून्य, की रॅम चांगली म्हणून मोकळे होतात. पहिला पास मुद्दाम उरकता ठेवलेला असतो. चाचण्यांच्या फेऱ्या कमी असतात. रात्रभर चालू द्यावा. मीही झोपायच्या आधी बघितलं तेव्हा पहिला पास स्वच्छ होता.

पहाटे मामा पूजेची फुलं काढायला उठला आणि त्यानेच हाक मारली. ‘गो, लाल झालंय सगळं.’

निळ्या पडद्यावर खालपासून वर लाल ओळी. प्रत्येक ओळीत पत्ता, काय लिहिलं होतं, काय सापडलं. लिहिलेलं आणि सापडलेलं यांत दर ओळीला एकाच ठिकाणचं अक्षर वेगळं, बाकी सगळं तंतोतंत. पत्तेही एकमेकांच्या आजूबाजूचेच. म्हणजे रॅम सरसकट गेलेली नव्हती, तिचा एक कोपरा गेला होता. लाइव्ह मिंट कधी सुरळीत चालायचं आणि कधी नाही, ते यामुळे. त्या कोपऱ्यात कोण जाऊन बसतंय त्यावर सगळं.

पण कुठली पट्टी? दोन पट्ट्या जोडीने लावल्या की बोर्ड दोन्हींत आलटून पालटून माल ठेवतो, त्यामुळे नुसत्या पत्त्यावरून पट्टी ओळखता येत नाही. एकेक काढूनच बघायला लागतं. काढल्या तशा खोडरबरने पुसूनही घेतल्या. खोडरबर हा आपल्याकडच्या दुकानांतला रामबाण. स्क्रीन येत नाही, घास रॅम! यावर हसणारे बरेच आहेत, मी हसत नाही. कोकणात चार महिने दमट, वर खारं वारं. पट्टीच्या सोनेरी दातांवर आणि स्लॉटमध्ये पापुद्रा धरतो आणि नुसतं काढून घालण्यानेही मशीन उठून बसतं, हे मी पुष्कळदा बघितलंय. फक्त वायर भिंतीतून काढून, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरून उरलेली वीज जाऊ द्यायची, आणि रबराचा कीस स्लॉटच्या आसपास झाडायचा नाही.

इथे रबराचा उपयोग झाला नाही. मागाहून घातलेली पट्टी एकटी लावली, लाल ओळी. तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, लाल ओळी, पत्ते जवळपास तेच. जुनी पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये आळीपाळीने, प्रत्येकी चांगले दोन-तीन पास, एकही ओळ नाही. हा उलटसुलट खेळ वेळखाऊ आहे, पण तो केल्याशिवाय पट्टी खराब की स्लॉट खराब हे सांगता येत नाही, आणि स्लॉट खराब असला तर नवी पट्टी आणून पैसे वाया. मामाने तेवढ्या वेळात उत्सवाच्या पावत्या लावून घेतल्या. मध्ये एकदा विचारलं की पट्टी दुरुस्त होत नाही का. होत नाही. लिनक्समध्ये खराब पत्ते वगळायला सांगायची सोय आहे, आणि अगदीच नाइलाज असेल तर मी ती वापरली असती. पण एका कोपऱ्याने सुरुवात केलेली पट्टी तिथेच थांबेल यावर माझा भरवसा नाही.

नंतरचं सांगण्यासारखं काही नाही. चार जीबीच्या जुन्या पट्टीवर आयएसओची ओळ वहीशी जुळली, कॅशे रिकामी करून परत काढली तरी जुळली. मग इन्स्टॉलेशन लावलं आणि मामीचा चहा होईतो टक्क्यांची पट्टी शेवटाला टेकली. मिंटला चार जीबी पुरतात. ढीगभर टॅब उघडणारा माणूस नाही मामा. डीडीआर३ ची दुसरी पट्टी मिळाली तर घालीन, पण आधी लॅबमध्ये रात्रभर तपासून. खराब पट्टीवर मार्करने फुली मारून ती घेऊन आले. वर्गात रॅम शिकवताना लाल ओळी दाखवायला बरी.

जुनी हार्ड डिस्क वापरायची तर आणखी एक गोष्ट तपासायची असते, ती घाईत सांगते. डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, बघायचा. त्यातला सी५, म्हणजे वाचता न आलेल्या आणि निकालाची वाट बघत असलेल्या सेक्टरांचा आकडा, शून्याच्या वर असेल तर डिस्कवर विसंबू नये. सी७ वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी साटाची केबल बदलावी. तिच्यातल्या चुका त्या खात्यात जमा होतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे दाखवतो, मिंटमध्ये डिस्क नावाच्या प्रोग्रामातच ते दिसतं.

मामाची डिस्क परत जोडून बघितली, तिचे दोन्ही आकडे शून्य होते. आणि मग खरी झाडाझडती सुरू झाली. डिस्क चांगली असली तरी तिच्यावर जे काही लिहिलं गेलं ते त्या रॅममधूनच गेलेलं. फोनवरून कॉपी केलेले फोटो, सेव्ह केलेल्या फाइली, आणि मामाने दर दिवाळीला पेनड्राइव्हवर काढलेला बॅकअप, तोसुद्धा. फोटोत एक बिट फिरला तर खालचा भाग करडा होतो किंवा रंग सरकतात, फोटो तरी उघडतो. वर्डची डॉकएक्स फाइल ही आतून झिप असते. तिच्यात हिशेब चुकला की ती उघडायलाच नकार देते. बारशाचे फोटो मुलीच्या फोनमध्ये शाबूत निघाले, ते परत मागवले. बायोडाटांपैकी काही उघडले नाहीत. मामाने नावं लिहून काढली आणि ज्याचे त्याला फोन करून पुन्हा मागवायचं काम मामीने घेतलं. पहिल्याच फोननंतर तिने यादीतल्या त्या नावावर काट मारली. त्या मुलीचं मागच्या वैशाखातच लग्न झालं होतं आणि मामाला बोलावणं नव्हतं.